उत्तरं सारखी, चुकाही सारख्या

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर कॅसजेव्ही नावाचा, पेशींच्या डीएनएत बदल करणारा उपचार निघाल्याची बातमी ग्रुपवर परागनेच टाकली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘सिकलसेलचा बग फिक्स!’ सिकलसेलच्या पोरांसाठी काम करणाऱ्या वंदनाने ग्रुपवर काही उत्तर दिलं नाही. रविवारी कट्ट्यावर मात्र ती पोह्यांवर तर्री पडायच्या आधीच येऊन बसली होती.

पराग हिंजवडीहून सुट्टीला आला की आम्हाला शिकवायला बसतो. या वेळीही तेच. “बेसिकली, डीएनए म्हणजे सोर्स कोड. कॉम्प्युटरला ० आणि १, इथे ए, टी, जी, सी. चार अक्षरं, म्हणजे अक्षरामागे दोन बिट. माणसाची ३०० कोटी अक्षरं. हिशेब करा, साडेसातशे एमबी! अख्खा कट्टा एका पेनड्राइव्हमध्ये.”

“अन् माह्या कांद्यात किती बसते?” बाळ्याने विचारलं. त्याची कळमन्याला आडत आहे.

“कांद्यात सुमारे १६०० कोटी अक्षरं,” सर म्हणाले. सरांनी आम्हाला बारावीला बायोलॉजी शिकवली. “माणसाच्या पाचपट.”

“घ्या! कळमन्यात पोत्यानं सोर्स कोड पडून हाये, भाव भेटून नाही राहिला.”

पराग चिडला. म्हणे तो सगळा जंक असतो, कुठल्याही जुन्या कोडमध्ये असतोच. सरांनी चष्मा पुसला. प्रोटीन बनवायच्या कामाचा भाग माणसातही दोनेक टक्केच, ते म्हणाले. जवळपास निम्मा डीएनए म्हणजे इकडून तिकडे उड्या मारणारे, स्वतःच्याच नकला चिकटवणारे तुकडे. साधारण ८ टक्के तर कधीकाळी घुसलेल्या विषाणूंचे अवशेष. आणि त्यातलाच एक जीन, म्हणजे जनुक, आज आईच्या पोटात बाळाला पोसणारी वार तयार व्हायला लागतो.

“तुमच्या ऑफिसात घुसलेला व्हायरस कधी पगारावर ठेवला का बे?” वंदना म्हणाली.

परागचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. अक्षरं खरी आहेत, तीन-तीन अक्षरांचे ६४ शब्द खरे आहेत, त्यांचे अर्थ लावणाऱ्या हरगोविंद खुरानांना १९६८ चं नोबेल मिळालं, निरेनबर्ग आणि हॉली यांच्याबरोबर. ही भाषा बॅक्टेरियापासून कांद्यापर्यंत जवळजवळ एकच आहे. म्हणून तर माणसाचा इन्सुलिनचा जीन बॅक्टेरियात घातला की तोही मुकाट्याने इन्सुलिन बनवतो. खुराना रायपूरचे म्हटल्यावर बाळ्या खूश झाला, “म्हंजे आपल्या बाजूचेच!” ते रायपूर पंजाबातलं, आता पाकिस्तानात आहे, हे त्याला पटवण्यात एक चहा गेला.

“आता बग दाखवते तुला,” वंदनाने पेपरच्या कोऱ्या कडेवर लिहिलं: जीएजी. खाली जीटीजी. “बीटा ग्लोबिनचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका भागाचा, सहावा शब्द. मधलं एक अक्षर बदललं, प्रोटीनच्या साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आलं, अन् रक्तपेशी विळ्यासारखी वाकली.”

“तेच तर म्हणतोय मी. टायपो!”

“हा टायपो एकाच पालकाकडून आला, म्हणजे एएस पॅटर्न असला, तर मलेरिया जीव घेईल ही भीती खूप कमी होते. जंगलात हजारो वर्षं तेच होऊन राहिलं. दोघांकडून आला की एसएस. ज्या अक्षराने आजा वाचला, त्याच अक्षरापायी नातू रात्रभर हातपाय ठणकतात म्हणून रडते. आता सांग, डिलीट काय करायचं?”

पराग गप्प झाला. मीसुद्धा. मी तिच्यासोबत एकदा गडचिरोली जिल्ह्यातल्या सिकलसेल तपासणीच्या शिबिराला गेलो होतो. तिथे टेबलावर नळ्या मांडलेल्या. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि मागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर सुटका. द्रावण गढूळ झालं आणि रेघा बुडाल्या, तर पुढची तपासणी. नववीतली एक मुलगी आपल्याच नळीसमोर वाकून आरपार बघत होती. “मॅडम, मला दिसून नाही राहिल्या. तुम्हाला दिसतात का?” वंदनाने तिला जवळ बसवलं आणि अर्धा तास तिच्याशीच बोलली. त्या पोरीला ‘बग’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

“आणि तू बातमी तरी पूर्ण वाचली का?” वंदना थांबणार नव्हती. “त्या कॅसजेव्हीत हे अक्षर कोणी दुरुस्तच करत नाही. जीटीजी तसंच राहते. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असते, जन्मल्यावर हळूहळू बंद होते. ते बंद करणारा जीन आहे बीसीएल११ए. रक्ताच्या मूळ पेशी बाहेर काढून त्याचं तिथलं बटण मोडतात, की बाळाचं हिमोग्लोबिन परत सुरू.”

“वर्कअराउंड!” परागला पुन्हा हुरूप आला.

“हो, वर्कअराउंड. पेशी परत टाकायच्या आधी केमो, आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. माझ्या पोरांना त्रास कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या दर महिन्याला वेळेवर मिळाल्या तरी मी पेढे वाटीन.”

यावर परागकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्याने विषय बदलला. कॉपी करण्यात तरी पेशी आणि कॉम्प्युटर सारखेच ना? सर म्हणाले, पेशी सरस आहे. नक्कल करताना साधारण लाखामागे एक अक्षर चुकतं, पण लगेच तपासून, खोडून, दुरुस्त करून शेवटी शंभर कोटींत एखादीच चूक उरते.

“परागपेक्षा बरी कॉपी करते म्हणजे,” वंदना म्हणाली.

झालं. बारावीची प्रिलिम निघाली. पराग, बाळ्या आणि मागच्या बाकावरचा नंदू, तिघांना सरांनी शून्य दिलं होतं आणि पराग अजून म्हणतो, अन्याय झाला.

“अरे, तिघांची उत्तरं सारखी आली असती तर मी म्हटलं असतं, पोरांनी अभ्यास केला,” सर म्हणाले. “पण तिघांनीही मूत्रपिंड छातीत काढलं! माणूस आणि चिंपांझीचं असंच आहे. सी जीवनसत्त्व बनवणारा जीन दोघांतही मोडलेला. दोघांचा पूर्वज एक, हे अशा सारख्या चुकांवरूनच पक्कं होतं.”

“म्हंजे सर, मी अन् पराग्या एकाच कुळातले?”

“ए, ओरिजिनल पेपर माझा होता!” पराग उसळून उभा राहिला. “या दोघांनी माझी कॉपी केली!”

“मंग मूत्रपिंड तूच छातीत नेलं, असं म्हन ना!” बाळ्या ओरडला, आणि सरांच्या हातातला चहा त्यांच्याच झब्ब्यावर सांडला.