'ऑब्लाइज्ड' म्हणजे जास्त आदर? काहीतरीच!

नागपुरात नोकरी शोधणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आभाराच्या इंग्रजी शब्दांची एक 'शिडी' फिरते आहे. खाली थँक यू, मग थँकफुल, ग्रेटफुल, अप्रिशिएट आणि शेंड्यावर ऑब्लाइज्ड. अर्थ पाचांचा एकच, वर चढाल तसा आदर वाढतो, म्हणून मिहानमधल्या कंपनीला मुलाखतीनंतर मेल करताना शेंड्यावरचाच शब्द टाका, असा सल्ला. त्यात ग्रेटफुलचं स्पेलिंग 'ग्रेट'वरून लावलंय. तिथंच शंका यायला हवी होती. तो शब्द लॅटिन 'ग्राटुस'वरून आला, म्हणजे सुखावणारा, प्रिय. आपली ग्रॅच्युइटीही त्याच घरातली.

'थँक यू' हलकं, हे तर साफ चूक. चहावाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना ते चालतं. वजन हवं असेल तर आभार कशाचे ते लिहा: 'थँक यू फॉर एक्सप्लेनिंग द वर्क.' ('फॉर एक्सप्लेन' नको, 'फॉर'नंतर क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लागतं.)

थँकफुल आणि ग्रेटफुल एकच, हे अर्धं खरं. पुष्कळदा एकाच्या जागी दुसरा बसतो, 'थँकफुल टू यू'ही चूक नाही. पण कल वेगळा आहे. बुटीबोरीच्या रस्त्यावर ट्रकनं ऐनवेळी ब्रेक मारला आणि तुम्ही वाचलात, तर तो सुटकेचा नि:श्वास थँकफुल. गाडी सुटायच्या बेतात असताना शेजारच्या काकांनी स्कूटर काढून अजनी स्टेशनला सोडलं, तर काकांबद्दल ग्रेटफुल. तिथं कोणीतरी आपल्यासाठी काही केलेलं असतं. 'आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड...' ही औपचारिक पत्रातली विनंती याच शब्दावर चालते. तिथं थँकफुल जरा ओपरा दिसतो.

अप्रिशिएट म्हणजे थँक यूचं भारी रूप, असं पोस्ट म्हणते. त्याच्या मुळाशी किंमत ठरवणं आहे. म्हणून वर्धा रोडवरचा प्लॉटही 'अप्रिशिएट' होतो, म्हणजे त्याचा भाव वाढतो. माणसाबाबत तो केलेल्या गोष्टीची कदर दाखवतो आणि पुढं कर्म मागतो: 'आय अप्रिशिएट युअर हेल्प.' विनंती करताना 'आय वुड अप्रिशिएट इट इफ...' यातलं 'इट' आपली पोरं हमखास गाळतात. शिवाय हा शब्द दटावायलाही वापरतात. 'आय वुड अप्रिशिएट इट इफ यू डिड नॉट पार्क हिअर' हे वाक्य गेटवर दिसलं तर समजा मालक चिडलाय.

राहिला शेंडा. ऑब्लाइज्डच्या मुळाशी बांधणं आहे. 'आय ॲम ऑब्लाइज्ड टू पे' म्हणजे पैसे भरणं मला भाग आहे. त्यात आभार औषधालाही नाहीत. आभाराचा 'मच ऑब्लाइज्ड' आता जुनाट वाटतो, अनेकदा गमतीनंच येतो. आपल्याकडं तो टिकलाय रजेच्या अर्जामुळं: 'काइंडली ग्रँट मी लीव्ह अँड ऑब्लाइज.' पिढ्यानपिढ्या पाठ केलेलं ते वाक्य भरजरी वाटतं, म्हणून शिडीवाल्यानं त्याला वर चढवलं असावं.

मुलाखतीनंतरच्या मेलला 'थँक यू फॉर युअर टाइम' आणि मुलाखतीत निघालेल्या एखाद्या मुद्द्यावर एक ओळ, इतकं पुरे. मेल वाचणारा एचआरवाला शिडी मोजत बसत नाही, त्याला पुढचा उमेदवार बघायचा असतो.