मेजर, उभं राहायचं तर आधी वाकायला शिका

अभिनंदन, मेजर! तुम्ही हवालदार म्हणून निवृत्त झालात की सुभेदार म्हणून, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. आमच्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. सैन्याने वीस वर्षांत जी बढती दिली नाही, ती गावच्या पारावर पहिल्याच सुट्टीत मिळते. आता याच बढतीच्या जोरावर तुम्हाला २०२९ च्या विधानसभेचे वेध लागलेत, असं कानावर आलं. ‘देशसेवा झाली, आता समाजसेवा’ हे वाक्यही पाठ केलंय म्हणे. वाक्य छान आहे. बिल्डर आणि वाळूवाले तेच बोलून निवडून आलेत, त्यांनी फक्त पहिला अर्धा भाग गाळला होता.

पहिला प्रश्न, नाशिक जिल्ह्यात कुठून लढणार? तुमची ओढ देवळालीकडे असणार, हे उघड आहे. तोफखान्याची शाळा तिथे, ‘तोपची’च्या प्रात्यक्षिकात तोफा धडाडतात तिथे, कॅम्पातला चहावाला तुम्हाला नावाने ओळखतो तो तिथे. पण देवळाली अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. दाखला त्या प्रवर्गाचा नसेल तर तोफांचे आवाज लांबून ऐका. इगतपुरी, दिंडोरी, कळवण आणि बागलाण अनुसूचित जमातींसाठी आहेत. जिल्ह्यातल्या १५ जागांपैकी पाच अशा गेल्या. उरलेल्या दहांत तुमचं काम किती, हे कोणी पाहणार नाही. तुमचे लोक किती, ते मोजलं जाईल. फौजेत नवा माणूस भेटला की रेजिमेंट विचारायची सवय असते. इथेही विचारतील, पण जरा जपून उत्तर द्या. मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणालात तर समोरचा फक्त पहिला शब्द ऐकेल, आणि महार रेजिमेंट म्हणालात तरी पहिलाच.

आता तिकीट. पक्षाच्या कार्यालयात तुमचं स्वागत दणक्यात होईल. ‘तुमच्यासारख्या माणसांची राजकारणाला गरज आहे’ असं म्हणत सोफ्यावर बसवतील, चहा मागवतील आणि माजी सैनिक आघाडीचं शहर उपाध्यक्षपद हातात ठेवतील. नाकारू नका. पदाची कामं ठरलेली आहेत. १५ ऑगस्टला झेंड्याजवळ उभं राहायचं आणि २६ जुलैला कारगिल विजय दिनाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसायचं, साहेब येईपर्यंत. साहेब दोन तासांनी येतात. तुम्ही पाच मिनिटं आधी पोचता, हा तुमचा पहिला दोष. तो आधी घालवा. वेळेवर येणाऱ्या माणसाला दुसरं काम नसतं, असा कार्यकर्त्यांचा पक्का समज आहे.

दुसरा दोष याहून मोठा. तुम्ही उभी नोकरी एकाच पलटणीत काढलीत आणि ते अभिमानाने सांगत सुटता. कृपा करा, इथे हे कोणाला सांगू नका. एकाच पक्षात राहिलेला माणूस म्हणजे ज्याला दुसऱ्या पक्षाने कधी बोलावलंच नाही असा माणूस. तिकीट मिळतं निवडून येण्याच्या क्षमतेवर, आणि मागच्या आठवड्यापर्यंत समोरच्या पक्षात असणं याला त्यात सगळ्यात जास्त गुण आहेत. तुम्ही सतरंज्या उचलत, रांगेत, शिस्तीत उभे असाल आणि एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, तुमच्या डोक्यावरून मागच्या माणसाच्या हातात जाईल. त्या क्षणी तोंडातून फक्त ‘पक्षाचा आदेश शिरसावंद्य’ एवढंच निघू द्या. आदेश पाळायची सवय तुम्हाला आहेच. त्या सवयीसाठीच तर तुम्हाला पक्षात घेतलं होतं.

आदेश पाळायचा नसेल तर अपक्ष लढा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर सही करणारा एक सूचक पुरतो, अपक्षाला मतदारसंघातले दहा लागतात. आकडा क्षुल्लक वाटेल. गल्लीत तुम्हाला बघून ‘जय हिंद मेजर’ म्हणणारे दोनशे आहेत, त्यातले दहा सहीला काय जड? जाऊन बघा. एकाचा मुलगा नगरसेवकाकडे कामाला आहे, दुसऱ्याचं बांधकाम परवानगीत अडकलंय, तिसरा म्हणेल, ‘मत तुम्हालाच, पण सही नको.’ दहावा मिळेपर्यंत तुमच्या लक्षात येईल की सॅल्यूट ठोकायला सही लागत नाही.

अर्ज भरलात की माघारीच्या दिवसाची तयारी ठेवा. फौजेत माघार म्हटलं की मान खाली जाते. इथे माघारीचा दिवस खुद्द निवडणूक आयोग जाहीर करतो, दुपारी तीनची वेळही देतो, आणि त्या तीन वाजेपर्यंत तुमच्या नावाला आयुष्यात कधी नव्हता एवढा भाव असतो. फोन येतील. महामंडळ, पुढच्या वेळी विधान परिषद, मुलीच्या बदलीचं काम. तुम्ही ‘मी मोर्चा सोडणारा माणूस नाही’ म्हणून फोन ठेवाल, हे माहीत असल्यामुळे तुमच्याच नावाच्या, जत्रेतल्या फुग्यांवरही कधी नेम न धरलेल्या एका गृहस्थाने आधीच अर्ज भरलेला असेल. तोही माघार घेणार नाही. मशीनवर अपक्षांची नावं वर्णानुक्रमाने लागतात, त्यामुळे तो तुमचा सख्खा शेजारी.

हुद्द्याच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. जनरल जे. जे. सिंग २००५ ते २००७ देशाचे लष्करप्रमुख होते. २०१७ साली ते पंजाब विधानसभेला पतियाळातून उभे राहिले आणि तिथे अनामत गमावून बसले. जिंकलं कोण, तर कॅप्टन अमरिंदर सिंग. सैन्यात कॅप्टनने जनरलला सॅल्यूट करायचा असतो. पतियाळाच्या मतदारांना ही ज्येष्ठता यादी कोणी दाखवली नव्हती. मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी तर उत्तराखंडचे मुख्यमंत्री असताना २०१२ मध्ये कोटद्वारला स्वतःची जागा हरले. तुम्ही मेजर तेही पारावरचे, तेव्हा हिशोब करून ठेवा. अनामत सर्वसाधारण उमेदवाराला १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. वैध मतांच्या एक षष्ठांशपेक्षा जास्त मिळाली नाहीत तर ती सरकारजमा. तुमच्या ‘जय हिंद’वाल्यांची संख्या यात धरू नका.

प्रचारात वर्दीतला जुना फोटो लावायचा मोह होईल. आवरा. सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका, असं आयोगाने पक्षांना २०१३ मध्ये सांगितलं होतं. बालाकोटनंतर विंग कमांडर अभिनंदन राजकीय फलकांवर झळकायला लागले, तेव्हा मार्च २०१९ मध्ये पुन्हा बजावावं लागलं. आता गंमत बघा. ज्यांनी एनसीसीचा कॅम्पही पावसामुळे अर्ध्यावर सोडला, ते सिडकोतल्या चौकात तिरंग्याच्या पार्श्वभूमीवर छाती काढून उभे राहतील, मागे एक विमानही उडेल. कोणी तक्रार केलीच तर म्हणतील, कार्यकर्त्यांनी उत्साहात लावलं. तुमचा सियाचीनमधला, चेहरा ओळखू न येणारा फोटो मात्र भरारी पथक पहिल्याच दिवशी उतरवेल. कायदा पाळणाऱ्याकडून कायदा पाळून घेणं सोपं जातं, हे पथकालाही कळतं.

सभेत काय बोलाल? इथे तुम्ही नक्की चुकणार आहात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. संरक्षण हा विषय केंद्राचा. नाशिकचा आमदार पाकिस्तानचं काहीही बिघडवू शकत नाही. हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि आम्हा मतदारांनाही, पण टाळी तिथेच पडते. तुम्ही प्रामाणिकपणे ‘युद्ध वाईट असतं, मी पाहिलंय’ असं म्हणालात तर मंडपात शुकशुकाट होईल आणि मागच्या रांगेतला कोणी तरी म्हणेल, मेजर घाबरट दिसतो. युद्धावर बोलायचा अधिकार न गेलेल्यांचा, हा संकेत मोडू नका.

पाण्यावर तर त्याहून सांभाळून. जायकवाडीत पाणी कमी असलं की वरच्या धरणांतून सोडायचा प्रश्न येतो, आणि आपला खरा शत्रू सरहद्दीपलीकडे नसून पैठणला बसलाय, असा साक्षात्कार आम्हा नाशिककरांना होतो. तुम्ही मराठवाड्यातल्या पोरांबरोबर एका बंकरमध्ये झोपलेले, एका ताटात जेवलेले. तुमच्या तोंडून ‘शेवटी पाणी सगळ्यांचंच’ असं काही निघून गेलं तर संपलात. राष्ट्रीय एकात्मता ही २६ जानेवारीला शाळेत सांगायची गोष्ट आहे, आवर्तनाच्या बैठकीत नव्हे.

कांद्यावर बोला, न बोललात तर लासलगावकडची माणसं सभेला येणारच नाहीत. फक्त निर्यातबंदी कोणी लावली, हे व्यासपीठावर कोण बसलंय ते पाहून ठरवा. द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीवर आश्वासन देऊच नका. हिमालयातल्या घाटांतून तुम्ही लष्करी ताफे काढले असतील, पण तिथले रस्ते अवघड असले तरी चालक हुकूम ऐकणारे होते. कुंभमेळा २०२७ मध्ये होऊन गेलेला असेल, त्यामुळे गर्दीच्या नियोजनाचा तुमचा अनुभव आता कोणाला नको. तसा तो तेव्हाही कोणी विचारला नसता, कारण कुंभात नियोजनापेक्षा निविदांचा अनुभव महत्त्वाचा.

पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर भरतीसाठी धावणारी पोरं तुम्हाला गाठतील. त्यांना तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. २०२२ पासून अग्निपथ आलं, चार वर्षांची नोकरी, पुढे जास्तीत जास्त २५ टक्के कायम. ‘मेजर, बाकीच्यांनी काय करायचं?’ असं ते विचारतील. याचं उत्तर द्यायला तुम्ही सगळ्यात योग्य माणूस आहात, म्हणूनच देऊ नका. ‘योजनेचा अभ्यास सुरू आहे’ असं म्हणा आणि शेजारच्या पोराच्या पाठीवर थाप मारून गाडीत बसा. बसताना काच खाली ठेवा, फोटोग्राफर पुढे असतो.

कार्यकर्त्यांचं म्हणाल तर ते तुम्हाला आपोआप मिळतील, कारण तुमच्याकडे लष्करी कॅन्टीनचं कार्ड आहे. जाहीरनामा कोणी वाचणार नाही, पण दारूचा कोटा किती बाटल्यांचा हे बूथप्रमुखाला तोंडपाठ असतं. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास दारूबंदी असते, आणि नेमक्या त्याच ४८ तासांत फौजी रमबद्दलचा आदर टिपेला पोचतो. तुम्ही नाही म्हणणार. मग ‘मेजरला माणसं सांभाळता येत नाहीत’ हे संध्याकाळपर्यंत पंचवटीपासून सातपूरपर्यंत पोचेल.

खर्चाची मर्यादा सध्या ४० लाख आहे. वेगळं बँक खातं, रोजची नोंदवही, निकालानंतर ३० दिवसांत हिशोब. तुम्ही तो मेसच्या हिशोबासारखा पैशापैशाने लिहाल, बॅटरीचे सेल आणि दोरीची गुंडाळीसुद्धा. निवडणूक शाखेतला कारकून तो बघून हळहळेल, कारण बाकीच्यांचे हिशोब तुमच्यापेक्षा सुबक असतात. वीस गाड्या महिनाभर फिरूनही त्यांना डिझेल फारसं लागत नाही.

एवढं सगळं करायचं कशासाठी, असा प्रश्न घरी पडलाच तर वहिनींना एक हिशोब सांगा. जवानाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षं नोकरी करावी लागते. आमदाराला एक मुदत पुरते, आणि बर्फात उभं राहावं लागत नाही.

हरलात, म्हणजे हराल तेव्हा, मनाला लावून घेऊ नका. मागच्या वेळी निकाल २३ नोव्हेंबरला लागला होता. पुढचाही त्याच सुमारास लागला तर दोनच आठवड्यांनी ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. निवडून आलेल्या आमदारांच्या स्वीय सहायकाचा फोन पहिला तुम्हालाच येईल. शाल, श्रीफळ, छोटासा सत्कार. ‘मेडल लावून या बरं का मेजर, सगळी. आता आचारसंहिता संपलीय, फोटो मोठा छापता येतो.’