सोयाबीनवर सोयाबीन: फिरत्या संदेशाला उत्तर

इंदूर, देवास, उज्जैनकडे शेती असलेल्या आपल्या लोकांत एक संदेश फिरतोय: ‘सोयाबीन द्विदल आहे, दर खरिपात तेच घ्या, जमीन सुधारतेच. रब्बीत हरभरा घेतला की फेरपालट झाली. बुरशी आलीच तर ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी टाका. इंग्लंडात एकाच शेतात १८४३पासून गहू पिकतोय, तिथे कुठे काय बिघडलं?’

जमीन सुधारते? मुळांवरच्या गाठी पिकाला लागणाऱ्या नत्रापैकी ढोबळमानाने ५०-६० टक्के हवेतून देतात, उरलेलं मातीतूनच येतं. हेक्टरी २० क्विंटल सोयाबीन मंडीत गेलं की दाण्यांबरोबर १२० किलोच्या आसपास नत्र जातं. भुसाही शेताबाहेर काढला तर हिशेब उण्यात जातो.

हरभऱ्याने फेरपालट होते? सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा. सोयाबीनचा चारकोल रॉट हा कुजीचा रोग आणि हरभऱ्याची कोरडी मूळकूज एकाच बुरशीची कामं आहेत: मॅक्रोफोमिना. बुंधा कुजवणारी स्क्लेरोशियमही दोन्ही पिकांवर येते. म्हणजे सोयाबीननंतर देशी हरभरा घ्या की डॉलर चना (टपोरा काबुली हरभरा), बुरशीला वर्षातून दोनदा जेवण मिळतं. मॅक्रोफोमिनाचे सूक्ष्म काळे कण मातीत काही वर्षं तग धरतात. ही बुरशी रोपाच्या मुळात लवकर शिरते आणि गप्प बसते. शेंगा भरताना पावसाने ताण दिला आणि माती तापली की झाडं ठिकठिकाणी एकदम वाळतात. शेतकरी म्हणतो, पावसाने मारलं. तेही अर्धं खरंच.

खात्री करायला वाळतं झाड उपटून बुंध्याची साल सोला. आत राखाडी रंग आणि बारीक काळे ठिपके दिसले तर मॅक्रोफोमिना. जमिनीलगत पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे असले तर स्क्लेरोशियम.

रब्बीत गहू किंवा लसूण त्यामानाने बरा. खरिपात शेताचे तीन भाग करून दरवर्षी एका भागात मका घ्यावा. मॅक्रोफोमिना मक्यावरही येते, त्यामुळे ती नाहीशी होणार नाही. पण सोयाबीनच्या बाकीच्या रोगांची आणि किडींची साखळी तुटते. सोयाबीन ४५ सेंमी ओळींवर पेरा. दाट पेरलं की ओलीसाठी ओढाताण होते आणि या बुरशीला तेच हवं असतं.

नुसता ट्रायकोडर्मा पुरतो? किलोभर बियाण्याला ८-१० ग्रॅम चोळला तर रोप उगवताना राखण होते, शेंगा भरेपर्यंत नाही. त्याच बियाण्याला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावलं तर ट्रायकोडर्माच मरतो. मातीत द्यायचा तर १ किलो पावडर १०० किलो मुरलेल्या शेणखतात मिसळून सावलीत ओलसर झाकून ठेवा, तीन-चार दिवसांनी हलवा, आठ-दहा दिवसांनी ओल्या जमिनीत घाला. त्याला जगायला सेंद्रिय पदार्थ लागतात, आणि आपण नरवाई (गव्हाचे उरलेले खुंट) जाळतो! त्या आगीची धग वरच्या थरापुरती; खालची बुरशी शाबूत राहते. कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ज्या इंदुरात काडीकचऱ्याचं कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली, तिथे हे चालावं, नवल आहे.

इंग्लंडचा गहू? रोथॅमस्टेड या तिथल्या शेती संशोधन केंद्राचं ते शेत खरं आहे. गव्हाची मुळं कुजवणारा ‘टेक-ऑल’ रोग तिथे आधी वाढतो, मग मातीतले जिवाणू त्याला काहीसं आवरतात. तरी त्याच शेतात फेरपालटीनंतरचा पहिला गहू सलग गव्हापेक्षा जास्त उतरतो. शिवाय टेक-ऑल हा थंड, ओल्या मातीचा रोग. तापलेल्या कोरड्या काळ्या मातीतली मॅक्रोफोमिना तशीच आवरेल, असं त्यावरून ठरत नाही.