बर्फ कमी होता, म्हणूनच परतलो

नमस्कार. उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या माथ्याच्या अलीकडून ट्रेकचा ग्रुप परत फिरवल्याबद्दल तुम्ही मला चांगलंच सुनावलंय. फोटोत वीतभरही बर्फ दिसत नाही, जानेवारीत लोक गुडघाभर बर्फातून वर जातात, आणि एका मुलीपायी तुम्ही सगळ्यांचं समिट घालवलंत, असं तुमचं म्हणणं.

आधी बर्फाचं. जानेवारीच्या भुसभुशीत बर्फात पाय रुततो. दमछाक होते, पण पाय धरून राहतो. डिसेंबरच्या सुरुवातीला पडलेला थोडासा बर्फ दुपारच्या उन्हात वितळतो, पाणी दगडांवरून ओघळतं आणि रात्री तिथेच गोठतं. पहाटे ३ वाजता हेडटॉर्चच्या उजेडात तो नुसता ओला दगड वाटतो. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावरून उतरला असाल, तर त्याच्या दसपट समजा. चढताना हात टेकत निभावून जातं हो, पण हीच वाट उतरायचीही असते.

आता त्या मुलीचं. ती दमली नव्हती. तिला जॅकेटची चेन लावता येईना, बोलताना जीभ जड होत होती, मोजे सुती आणि तेही ओले. आधी कुडकुडत होती, मग तेही थांबलं. कुडकुडणाऱ्या माणसाची मला इतकी काळजी वाटत नाही. एवढ्या गारठ्यात तो कुडकुडायचा थांबला की वाटते.

'गाईडबरोबर तिला एकटीला खाली पाठवायचं' हे बोलायला ठीक आहे. ग्रुपचे १३ जण, शिवाय मी आणि दोन स्थानिक गाईड. डोकं दुखून उलट्या होणाऱ्या एकाला घेऊन एक गाईड आधीच उतरला होता. दुसराही गेला असता तर १२,००० फुटांच्या आसपास, त्या निसरड्या धारेवर, ११ जण आणि मी एकटा. मला ते झेपलं नसतं, हे कबूल करायला लाज वाटत नाही.

लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती तुमच्या टीकेत आलेलीच नाही. त्या ११ पैकी तिघांच्या बुटांना मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बर्फावर पकड देणारे बुटांवर चढवायचे काटे, नव्हते. पायथ्याच्या सांकरी गावात भाड्याने घेऊ म्हणाले होते. पोचायला रात्र झाली, दुकानं बंद. सकाळी दुकानं उघडेपर्यंत थांबायला हवं होतं, मी थांबलो नाही. 'बर्फ कमीच आहे, चालेल' हे वाक्य तुमच्या आधी मीच बोललोय.

पैशांचं म्हणाल तर ते गाडी, तंबू, जेवण, गाईड आणि वनखात्याच्या परवान्याचे होते. माथ्याचे कोणाकडूनच घेत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, त्याच पहाटे दुसरा ग्रुप वर गेला तो कसा? गेला खरा. आम्ही उतरत असताना ते आमच्या शेजारूनच वर गेले. मी त्यांच्या पायांकडे बघत होतो. सगळ्यांच्या बुटांना स्पाइक्स होते.