‘गोव्याला येताना कॅमेरा आणू नका’ म्हणणाऱ्यांना

पर्यटनाचा हंगाम तोंडावर आला की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक फॉरवर्ड हमखास फिरू लागतो. रोख सगळा खिशात मावणाऱ्या ट्रॅव्हल झूम कॅमेऱ्यांवर. मजकूर थोडक्यात असा: फोनमध्ये आता १०० पट झूम आहे, कॅमेऱ्यात जेमतेम ३० पट. फोन २०० मेगापिक्सेलचा, कॅमेरा १८-२०चा. कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारी आतली चिप) फोनपेक्षा लहान, म्हणून रात्री निकामी. आणि कंपन्यांनीच हे कॅमेरे बंद केलेत, मग पैसे घालायचे कशाला? यंदा आमच्या फोंड्याच्या गटात एका काकांनी तो टाकला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली.

यातलं सगळंच खोटं नाही. पण ज्यावर सगळी मदार आहे तो झूमचा मुद्दाच फसवा आहे, म्हणून आधी तो घेऊ.

कॅमेऱ्यावर लिहिलेलं ३० पट हे काचेचं काम आहे. सोनी एचएक्स९९चं भिंग ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने २४ पासून ७२० मिमीपर्यंत जातं (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). ७२० भागिले २४, झाले तीस. कॅनन एसएक्स७४० हा ९६० मिमीपर्यंत जातो, म्हणून तो ४० पट. फोनच्या १०० पटींत काच फार तर दहा पटींपर्यंत साथ देते, तीही मोजक्या महागड्या फोनमध्ये. सॅमसंगच्या एस२३ अल्ट्रात दहा पटींचं भिंग होतं, पुढच्याच एस२४ अल्ट्रात ते पाचावर आलं. त्यापुढे जे दिसतं ते चित्र कापायचं, ताणायचं आणि राहिलेल्या जागा अंदाजाने भरायच्या, असं असतं. अंदाज कुठवर जातो तेही पाहा. मार्च २०२३ मध्ये रेडिटवरच्या एकाने चंद्राचा मुद्दाम अस्पष्ट केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला आणि अंधाऱ्या खोलीत लांबून सॅमसंगच्या फोनने टिपला. मूळ फोटोत नसलेले तपशील फोनने काढून दिले. चंद्र ओळखून त्याचे तपशील वाढवणारी यंत्रणा फोनमध्ये आहे, असा खुलासा कंपनीनेही मग केला. ७२० मिमीच्या भिंगातून चंद्र चौकटीच्या उंचीचा साधारण पाव भाग व्यापतो, म्हणजे नऊशेच्या आसपास पिक्सेल, आणि त्यावरचे डाग चंद्राचेच असतात. (चवथीच्या रात्री मात्र फोन आणि कॅमेरा दोन्ही खिशात ठेवा, उगाच आळ नको.)

फरक खरा कळतो तो चोडणला. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरलं की डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. ओहोटीला उघडा पडलेला चिखल, खारफुटीची मुळं आणि त्यातल्या एखाद्या मुळावर बसलेला खंड्या. फार जवळ तो कुणाला येऊ देत नाही. फोनवर तो निळा ठिपका उरतो. एस२३ अल्ट्राच्या दहा पटींच्या भिंगाचं प्रकाश घेणारं तोंड जेमतेम साडेपाच मिमीचं. ७२० मिमीला एफ/६.४वर उघडलेल्या कॅमेऱ्याचं १९ मिमीच्या आसपास (एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं उघडतं). क्षेत्रफळ काढलं तर दहा पटींहून जास्त. चोचीत मासा आहे की काटकी, हे त्या तोंडावर ठरतं. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००ला ठेवून १/६०० सेकंदाच्या आसपास शटर मिळतो, तेवढ्यात काम होतं. तोच पक्षी सावलीत शिरला की आयएसओ ८००, १६०० असा चढतो आणि तपशील पुसले जाऊन पिसांचं मेण होतं. मग फोटोचा नाद सोडून दुर्बीण उचलावी.

त्यातही फॉरवर्डातली तुलना लाखाच्या वर किंमत असलेल्या फोनशी आहे. तो वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांकडे वीस हजारांच्या आसपासचा फोन असतो, आणि त्याच्या पाठीवर तीन गोळे दिसत असले तरी लांबचं टिपणारं भिंग सहसा एकही नसतं.

मेगापिक्सेलचं फार लांबवत नाही. २०० मेगापिक्सेलचा फोन सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून नेहमीचा फोटो १२ मेगापिक्सेलचाच देतो. आणि कॅमेऱ्याचे १८ही पूर्ण झूमला कामी येत नाहीत. इतक्या बारीक पिक्सेलवर एफ/६.४ला प्रकाशाचा ठिपका एका पिक्सेलात न मावता शेजारी पसरतो. खोक्यावरचा हा आकडा दोन्हीकडे जाहिरातीचा.

सेन्सर लहान, हे मात्र खरं. अशा कॅमेऱ्यांतला १/२.३ इंची सेन्सर म्हणजे सुमारे ६.२ बाय ४.६ मिमी. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा त्याहून मोठा असतो, शिवाय फोन एका दाबात अनेक फ्रेम घेऊन एकमेकींवर बसवतो. शिगम्याचा चित्ररथ रात्री तुमच्या पुढ्यातून जात असेल तर मुकाट्याने फोन काढा. पण लांबचं टिपायला गेलात की फोनही तो मुख्य सेन्सर बाजूला ठेवतो. एस२३ अल्ट्राच्या दहा पटींच्या भिंगामागचा सेन्सर १/३.५ इंची होता, म्हणजे ज्याला नावं ठेवली त्याहूनही लहान. हे फॉरवर्डात कुठे आहे?

रात्रीचा आपल्याकडचा खरा प्रसंग म्हणजे उत्सवातलं नाटक. फोंडा, डिचोली, सत्तरीकडे देवळाच्या उत्सवात गावची मुलं मराठी नाटक उभं करतात आणि मागच्या रांगेतून भाच्याचा फोटो काढण्याची जबाबदारी कुणाच्या तरी गळ्यात पडतेच. इथे साध्या ३० पटवाल्याचा उपयोग नाही. एक इंची सेन्सरचा खिशातला कॅमेरा लागतो, त्याचं क्षेत्रफळ चौपट. त्यातही पॅनासॉनिक टीझेड२०० हा ३६० मिमीपर्यंत जातो खरा, पण तिथे एफ/६.४ होतो, सोनी आरएक्स१००चं सहावं-सातवं मॉडेल २०० मिमीलाच थांबतं, पण एफ/४.५वर. नाटकाला मी सोनीच नेईन. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) एक घर खाली आणा, नाहीतर मागच्या काळ्या पडद्याला भुलून कॅमेरा रंगवलेल्या तोंडाचा पांढरा पापड करतो. आणि फोकससाठी पेटणारा तो नारिंगी दिवा आठवणीने बंद करा. ऐन स्वगतात नटाच्या डोळ्यांवर तो आला तर नाटक संपल्यावर भाचा तुमच्याशी बोलणार नाही.

कॅमेऱ्याची जी खरी दुबळी बाजू, ती फॉरवर्ड लिहिणाऱ्याला सुचलेलीच नाही: वाळू आणि दमट हवा. हे भिंग एकात एक सरकणाऱ्या नळ्यांतून बाहेर येतं. मिरामारला वाऱ्यावर उडालेला एक कण नळीत अडकला की पडद्यावर लेन्स एरर आणि सुट्टीचा विचका. पाण्या-धुळीपासून संरक्षणही नसतं. पावसाळ्यात दूधसागरला जाताना फोनच बरा. इथे राहणाऱ्यांनी तर जूनपासून कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा, कपाटात ठेवलात तर काचेवर बुरशी धरलीच म्हणून समजा.

उरला कंपन्यांचा मुद्दा. बाजार कोसळला यात वाद नाही. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २००८ मध्ये भिंग न बदलता येणारे डिजिटल कॅमेरे सुमारे ११ कोटी निघाले, २०२३ मध्ये वीस लाखही नाहीत. पण बंद? पॅनासॉनिकने २०२५ मध्येच टीझेड९९ आणला, तेच ३० पटींचं भिंग आणि चार्जिंगला यूएसबी-सी. आधीच्या टीझेड९५मधला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) मात्र काढून टाकला, आणि ते मला पटलेलं नाही. दुपारी किनाऱ्यावर पडद्यात आपलंच तोंड दिसतं, आणि ७२० मिमीला कॅमेरा डोळ्याला टेकवल्याशिवाय हात स्थिर राहत नाही. म्हणून व्ह्यूफाइंडरवाला एचएक्स९९ किंवा टीझेड९५ जुना मिळाला तरी पाहावा. विकणाऱ्यासमोरच पूर्ण झूम करून मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या आणि पडद्यावर मोठा करून बघा. करडे डाग दिसले तर आत धूळ गेलेली आहे. ती घरी निघत नाही, आणि दुरुस्तीचा खर्च त्या कॅमेऱ्याला परवडणारा नसतो.