चौथी सीट

निवृत्त माणसानं काहीतरी करत राहावं असं सगळ्यांना वाटतं, आणि ते त्यानं घराबाहेर करावं असं घरातल्यांना वाटतं. मी घरात बसून कादंबरी लिहिणार असल्याचं जाहीर केलं तेव्हा सौ.ने एवढंच विचारलं, "दिवसभर पंखा लागेल का?"

पहिली ४० पानं पंधरा दिवसांत झाली. एकेचाळिसाव्या पानावर लक्षात आलं, की नायक सकाळी उठून चहाला बसलाय तो अजून बसलेलाच आहे. तेवढ्यात त्याला बालपण आठवून झालं, ठाण्याच्या नौपाड्यातली जुनी कौलारू घरं आठवून झाली, चहा दोनदा गरम करून झाला. पुढे काय होणार हे मला ठाऊक नव्हतं आणि त्याला तर कसलीच घाई नव्हती.

म्हणून एका रविवारच्या कार्यशाळेत नाव घातलं. शिकवणारे सर माझ्या मुलाच्या वयाचे. "काका, आधी प्लॉट पक्का करायचा, मग लिहायला बसायचं," हे त्यांचं पहिलं वाक्य. मी ते घरी सांगितलं, सौ.ने ते फोनवर भावाला सांगितलं, आणि रात्री साडेनऊला मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, प्लॉट घेताय म्हणे? शहापूरला का? सातबारा बघितलात? एनए आहे ना?"

मी म्हटलं, अरे, कादंबरीचा प्लॉट.

तो जरा गप्प झाला. "म्हणजे टायटल क्लिअर नाही."

हे मात्र खरं होतं. कादंबरीला नाव अजून सुचलेलं नव्हतं.

सर शिकवायचे छान. त्यांनी ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराचा दाखला दिला. १९२७ साली केंब्रिजमधल्या व्याख्यानांत त्यानं समजावलं होतं, की राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली नुसती गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखानं राणी मेली, हे झालं कथानक. गोष्ट ऐकणारा 'मग?' विचारतो, कथानक ऐकणारा 'का?' विचारतो. मला हे इतकं पटलं की मी ते जेवताना सौ.ला ऐकवलं. भात कालवता कालवता तिचा हात थांबला.

"दुःखानं? नवरा गेल्याच्या?" तिनं घास घेतला, सावकाश चावला. "नीट चौकशी करा. काहीतरी वेगळं असणार."

पुढच्या रविवारी फळ्यावर त्रिकोण आला. गुस्टाफ फ्रायटाग नावाच्या जर्मन लेखकानं १८६३ साली नाटकांसाठी मांडलेला. सुरुवातीला प्रस्तावना, मग चढण, टोकाला शिखर, मग उतरण आणि शेवटी सर्वनाश. माझ्या शेजारच्या बाई वहीत पट्टीनं त्रिकोण आखत होत्या. मला मात्र फळ्यावर सेंट्रल लाइन दिसायला लागली. ३१ वर्षं ठाणे ते मस्जिद केलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार! आणि ठाण्याला गाडी आली १८५३ साली, म्हणजे त्या त्रिकोणाच्या चांगली दहा वर्षं आधी. फ्रायटाग आमच्या स्लो लोकलनं एकदा गेला असता तर त्याची मेहनत वाचली असती. ठाण्याला धावत्या गाडीत उडी मारून जागा पकडायची, ती प्रस्तावना. मुलुंड, भांडुप, कांजूर, घाटकोपर, दर स्टेशनला माणसं वाढतात आणि हवा कमी होते, ही चढण. कुर्ल्याला वाटतं, आता नक्की काहीतरी होणार. दादर हे शिखर. अर्धा डबा एकदम खाली होतो, कुणाची चप्पल आत राहते, कुणाचा डबा. परळनंतर सगळ्यांना बसायला जागा असते आणि ती कुणालाच नको असते. कादंबरीचा मधला भाग ढिला पडतो असं सर सारखं म्हणायचे. तो विद्याविहार. ठाण्यानंतर सीएसएमटीपर्यंत १८ स्टेशनं. मी १८ प्रकरणं ठरवून टाकली. सर्वनाशाचं तेवढं काही जमेना, कारण सीएसएमटीला माणूस फक्त ऑफिसात जातो. नंतर वाटलं, तेही चालेल.

आराखड्यासाठी सरांनी कार्डं आणायला सांगितली होती. एका कार्डावर एक प्रसंग. राम मारुती रोडवर त्या कार्डांची किंमत विचारून मी रिकाम्या हातानं परत आलो आणि माळ्यावर चढलो. वडिलांनी लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा जपून ठेवला होता, पाठकोऱ्या म्हणून. दिवाणावर त्या ओळीनं मांडल्या. काय शोभा आली! तिसऱ्या प्रकरणात नायकाचे वडील वारतात. सौ.ने नेमकं तेच कार्ड उचललं आणि उलटं करून बघितलं. पुढच्या बाजूला गणपती, त्याखाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून'.

"अहो! ही वन्संच्या नणंदेची पत्रिका. तिच्यावर मरण लिहिलंत?"

शेवटी नायकाच्या वडिलांना जुन्या वीजबिलाच्या मागे नेऊन मारलं.

खरी पंचाईत सगळी कार्डं मांडून झाल्यावर कळली. माझी माणसं भांडायलाच तयार नव्हती. आठव्या कार्डावर नायकाचा भाऊ वडिलांच्या खोलीवर हक्क सांगायला येतो. नवव्यावर नायक म्हणतो, 'घे रे, आपल्याला काय करायचीय.' दहाव्यावर बिल्डर फसवायला येतो, तर हा त्याला चहा करतो आणि साखर विचारतो. उरलेली आठ कार्डं तो भाजी आणतो. सरांनी दिवाणाचा मोबाइलवर काढलेला फोटो बोटांनी मोठा करून बघितला.

"काका, तुमच्या नायकाला हवंय तरी काय?"

मी बराच विचार केला. "तसं काही नाही. बसायला जागा मिळाली तरी पुरे."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "मग तीच मिळू देऊ नका."

बोलणं सोपं. आम्ही जन्मभर 'जरा सरकून घ्या' ऐकत आलो आणि सरकत आलो. लग्नात, ऑफिसात, सोसायटीच्या सभेत, सगळीकडे लोकलमधल्या तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवर बसल्यासारखं अर्धं अंग बाहेर ठेवून बसलो. आता कागदावर तेवढा ताठा कुठून आणायचा?

परदेशी औषध लागू पडेना, म्हणून आपल्याकडचं बघू म्हटलं. आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून ठाण्यात उभं आहे, आणि माझी वर्गणी दरवर्षी न चुकता भरलेली असते. तिथून नाट्यशास्त्रावरचं एक पुस्तक आणलं. कथावस्तूच्या पाच अर्थप्रकृती: बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य. दोन दिवस वाचून डोक्यात काही शिरलं नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या कामाच्या मावशी दीड तास उशिरा आल्या आणि उशीर का झाला ते सांगायला दारातच बसल्या.

पहाटे कळव्याला नळाला पाणी आलं नाही, हे बीज. म्हणून शेजारणीकडे हंडा घेऊन गेल्या, तर तिची सून माहेरी निघून गेलेली. ही पताका. हे उपकथानक गेले तीन आठवडे आमच्याकडे रोज थोडं थोडं चालू आहे आणि ती सून परत यावी असं आता मलाही मनापासून वाटतं. वाटेत रिक्षातून एका आजोबांची चप्पल पडली, ती उचलून दिली. एवढीशीच हकीकत, आली आणि गेली, ती प्रकरी. मधेच गाडी रुळावरून घसरली की मावशी म्हणायच्या, "तर काय सांगत होते, नळ!" तुटलेला धागा असा पुन्हा जोडणारा तो बिंदू. मी टिपणं काढत होतो. सौ.च्या डोळ्यांत पाणी उभं होतं. आणि मग, सगळं अगदी पिकल्यावर, कार्य आलं.

"तर वहिनी, पाचशे रुपये उचल पाहिजे होती."

सौ.ने हजार दिले.

मला स्वतःचीच लाज वाटली. या बाईनं ना त्रिकोण काढला, ना कार्डं मांडली. तिला काय हवंय ते घरातून निघतानाच पक्कं होतं, एवढंच. मग ठरवलं, एकदा तरी स्वतः अडून बघायचं. सोमवारी सकाळी ऐन गर्दीत ठाणे स्लो पकडली. तिसरी सीट मिळाली. पोटावर सॅक घेतलेला एक आडवा गृहस्थ आला आणि नुसती दोन बोटं हलवली. मी हललो नाही. छातीत धडधडत होतं, पण हललो नाही. तो भांडेल अशी माझी फार अपेक्षा होती. पण तो फक्त बघत उभा राहिला. खिडकीतल्यानं पेपर खाली केला. समोर टाळ काढून बसलेली भजनी मंडळी अभंग सुरू करायची थांबली. कुणीतरी म्हणालं, "काका, बरं नाही का?"

गाडीनं कोपरीचा पूलही ओलांडला नसेल. मी सरकलो.

तो टेकला, घाम पुसला आणि खिशातले शेंगदाणे पुढे केले. "काका, कुठे उतरणार?"

"मला कुठे जायचं नाहीये," मी खरं ते सांगितलं.

त्याचा हात तसाच राहिला. "मग बसलायत कशाला?"

मुलुंडला उतरलो आणि परत आलो. घरी एक नवी पत्रिका घेतली आणि लिहिलं, 'नायक सरकत नाही.' बाकी १८ कार्डं गोळा करून माळ्यावर टाकली. दिवाणावर ही एकच उरली. सौ. कोथिंबिरीची जुडी आणि सूप घेऊन शेजारी येऊन बसली. तिनं पत्रिका उचलली, आधी सवयीनं पुढची बाजू बघितली, मग मागची वाचली.

"का सरकत नाही?"

"ते अजून कळलेलं नाही."

तिनं पत्रिका पुन्हा वाचली. "बायकोशी भांडून आलाय का?" मी मान हलवली. "मग पाय दुखतोय?" तोही नाही. तिनं पत्रिका खाली ठेवली आणि पंख्यानं उडू नये म्हणून वर माझा चष्मा ठेवला.

"विचारा त्याला," ती म्हणाली आणि सूप माझ्याकडे सरकवलं. "तोवर एवढी कोथिंबीर निवडा."