डोळे आलेत, पाट मांडा

मराठीत ताप येतो, वीजबिल येतं, तसेच डोळेही येतात. दोन डोळे मुळात चेहऱ्यावर असताना हे आणखी कुठून येतात, असलं विचारायचं नाही. जे घरी येतं तो पाहुणा, आणि गोव्यात पाहुण्याचं काय करतात हे तुम्हाला सांगायला नको. त्याला सोप्यावर बसवतात, जेवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि निघालाच तर शेजारच्या घरापर्यंत पोचवून येतात. पावसाळ्यातले डोळ्यांचे आणि नखांचे रोग आपण पिढ्यान्‌पिढ्या असेच सांभाळले. पण हल्लीची मुलं बिघडत चालली आहेत. माझी भाची मेडिकलला शिकते. गेल्या गणेशचवथीला ती आमच्या मूळ घरी आली ती स्वतःचा टॉवेल घेऊन! आते म्हणाली, "आमच्या घरात पंचे संपले काय गो?" त्या दिवसापासून मला झोप नाही. ही परंपरा कुठेतरी लिहून ठेवायला हवी.

तर सुरुवात पंच्यापासून. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की आपल्याकडे सप्टेंबर सरेपर्यंत काहीही म्हणून वाळत नाही. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि तो बहुतेक सगळा या चार महिन्यांत. कपडे पंख्याखाली, चुलीवर, दोरीवर, माणसांच्या डोक्यावर. अशा वेळी प्रत्येकाला वेगळा पंचा म्हणजे उधळपट्टी. न्हाणीच्या दाराला एक खिळा, खिळ्याला एक पंचा, पंच्याला सात तोंडं, असा हिशेब ठेवावा. पंचा सकाळी ओला, दुपारी दमट, संध्याकाळी पुन्हा ओला असला पाहिजे. वास येऊ लागला की समजावं, मुरला.

डोळे येतात ते बहुतेक वेळा अ‍ॅडेनोव्हायरस नावाच्या विषाणूमुळे. मोठा काटक जीव. कोरड्या वस्तूवरही तो कित्येक दिवस तग धरतो. तुमच्या उशीच्या अभ्र्यावर तर त्याचं माहेर. हातावर सॅनिटायझरचे दोन थेंब चोळले तर तो त्यातून बरेचदा सुटतो. साबण आणि वाहतं पाणी मात्र त्याला वाहून नेतं. म्हणून साबणाची वडी पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवावी आणि मोठ्यांनी ती सणावारी काढावी.

डोळे आलेल्या माणसाकडे नुसतं बघितलं की आपलेही येतात, ही श्रद्धा कोणत्याही परिस्थितीत सोडू नका. ती फार उपयोगाची आहे. बघण्यानं काही होत नाही, जे होतं ते हातानं, हे एकदा लोकांना कळलं तर सगळा खेळ संपला. काळ्या चष्म्यानं रोग अडत नाही. उजेड टोचत नाही, एवढंच. पण चष्मा चढवला की माणूस निर्धास्त होतो. मग त्यानं डोळा चोळावा, त्याच हातानं फेरीबोटीचा कठडा धरावा, बसचा दांडा धरावा, पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीतले उंडे दाबून बघावेत, आणि शेजाऱ्याला "बरें मरे?" म्हणत हात द्यावा. घरी परतल्यावर तो चष्मा धाकट्या भावाला द्यावा, कारण एव्हाना त्याचेही आलेले असतात.

या पाहुण्याचं घराणंही काही ऐरंगैरं नाही. 1969 साली घानाच्या आक्रा शहरात डोळ्यांत रक्त उतरल्यासारखी साथ आली. माणूस चंद्रावर उतरला तेच वर्ष, म्हणून लोकांनी रोगाला नाव दिलं अपोलो. चंद्रावरच्या धुळीनं झालं असंही म्हणून झालं. (तो विषाणू वेगळा निघाला, एन्टेरोव्हायरस 70. पण घराणी वेगळी असली तरी रीतभात एकच: हात, पंचा, डोळा.) दोन वर्षांनी, 1971 मध्ये बांगलादेशाच्या मुक्तीची लढाई चालू असताना बंगालात साथ पसरली, तिथे हिचं नाव पडलं 'जय बांग्ला'. म्हणजे बघा, लोक रोगाचं खापर चंद्रावर फोडतील, युद्धावर फोडतील, निर्वासितांवर फोडतील. खिळ्यावरच्या पंच्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. 2023च्या पावसाळ्यात देशभर डोळे आले तेव्हा आमच्या वाड्यावर याचा दोष मोबाईलच्या टॉवरला मिळाला.

आता औषधोपचार. साध्या विषाणूमुळे आलेले डोळे आठवडाभरात, फार तर दोन-तीन आठवड्यांत आपणहून जातात. थंड पाण्याची घडी ठेवावी, साधे ओलावा देणारे थेंब घालावेत आणि घरात बसावं, एवढाच त्यावर इलाज. यात काही मजा आहे का? आपोआप गेलेल्या रोगाचं श्रेय कोणाला द्यायचं? म्हणून रोज कोणीतरी काहीतरी घातलंच पाहिजे: गुलाबपाणी, मध, धन्यांचं पाणी, बाळंतिणीचं दूध. घरात थेंबांची जुनी बाटली असते, ती शोधावी. फ्रिजच्या दारात, सोलांच्या डब्याशेजारी. उघडलेली बाटली साधारण महिन्याभरात टाकून द्यायची असते, असं तिच्याच खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते वाचायला डोळे बरे असावे लागतात, तेव्हा तो प्रश्न मिटला. बाटलीचं टोक प्रत्येकाच्या पापणीला नीट टेकवत जा. एका बाटलीत सगळं घर उरकतं.

बाटली नाहीच मिळाली तर थेट फार्मसीत जाऊन चिठ्ठीशिवाय "लाल डोळ्यांचं जोरदार काहीतरी" मागा. जोरदार म्हणजे स्टेरॉईडचे थेंब. लाली एका रात्रीत जाते, सगळे थक्क होतात. डोळ्यातला दाब वाढणं, मोतीबिंदू, दबून बसलेला संसर्ग फोफावणं हे सगळं नंतरचं आणि सावकाशीचं. आधी डोळ्याच्या आत काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही, पुढे बाहेर काय चाललंय तेही दिसत नाही.

शेतकरी बांधवांसाठी हा परिच्छेद खास. जुलैत लावणीच्या वेळी वाकून काम करताना भाताचं धारदार पातं डोळ्याला लागतं. आपल्याकडे 'ज्योती' नावाचं भात मोठ्या प्रमाणावर लावतात. एखाद्याच्या डोळ्यातली ज्योत ज्योतीनंच न्यावी, याला योग लागतो. पात्यानं बुबुळावर ओरखडा पडला की त्यावाटे बुरशी आत शिरते. दोन-चार दिवसांनी दुखतं, उजेड सोसत नाही, काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. हा ठिपका दिसला की माणसानं त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं असतं. पण पावसाची उघडीप मिळाली आहे, माणसं मिळाली आहेत, आणि लावणी काय ठिपक्यासाठी थांबणार? वरचे जोरदार थेंब घाला. बुरशीला स्टेरॉईडसारखं खत नाही. (फोटोपुरते चिखलात उतरणाऱ्या पुढाऱ्यांनी घाबरू नये. त्यांची मान भाताकडे नसून कॅमेऱ्याकडे असते, त्यामुळे पातं लागत नाही.)

तरुणांसाठी सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण, आहेच. 24 जूनला डोक्यावर फुलापानांचं कोपेल, तोंडात 'व्हिवा सांजांव', आणि विहिरीत उडी. उडी मारताना डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स असू द्या. विहिरीच्या पाण्यात अकांथामीबा नावाचा एकपेशीय प्राणी असू शकतो, त्याला लेन्सखाली मुक्काम मिळाला तर तो महिनोन्‌महिने हलत नाही. लेन्स काढून उडी मारणाऱ्याला खालची विहीर नीट दिसत नाही हे खरं, पण फेणीच्या तिसऱ्या पेल्यानंतर ती तशीही कोणाला दिसते?

माशेलच्या चिखलकाल्याबद्दल मी काही वाकडं बोलणार नाही. देवकीकृष्णाच्या अंगणात अंगाला तेल चोळून लोळलेल्या माणसाला चिखल लागत नाही, भक्ती लागते. घरी आल्यावर नखांत साठलेली भक्ती ब्रशनं काढू नये आणि त्याच बोटांनी डोळे चोळावेत, इतकंच माझं म्हणणं.

पापणीवर रांजणवाडी आली तर लसूण घासा. गरम पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्यानं दहा-दहा मिनिटं शेकणं फार सोपं आहे, म्हणूनच ते कोणी करत नाही.

आता पायांकडे येऊ, पाण्यातून चालत. पणजीत जोराची सर आली की '18 जून' नावाच्या रस्त्यावर घोटाभर पाणी होतं. त्यातून बंद बुटांनी चालावं. ऑफिसात पोचल्यावर मोजे काढू नयेत, पायात सुकवावेत. मुलांच्या शाळेच्या काळ्या बुटांनाही हीच शिस्त: रात्री ओले ठेवून सकाळी ओल्याच मोज्यांवर चढवायचे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तिथून बुरशी नखात चढते, नख पिवळं पडतं, जाड होतं, खडूसारखं झडतं. त्यावर रंगीत नेलपॉलिश लावून झाकून टाका. बुरशीला अंधारच हवा असतो. पायाच्या अंगठ्याचं नख पुरतं नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, औषधाच्या गोळ्याही आठवडेच्या आठवडे घ्याव्या लागतात. आपण मात्र चौथ्या दिवशी मलम सोडावं. त्यातही तीन औषधं एकात असलेलं, स्टेरॉईडवालं मलम निवडा. खाज लगेच थांबते आणि गजकर्ण मांडीपर्यंत निवांत पसरतं.

इथे गोव्याला एक वेगळाच मान आहे. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यांत जास्त निघालं ते गोव्यात: 26.4 टक्के. देशाची सरासरी 11.4. म्हणजे सोप्यावर बसलेल्या चार मोठ्या माणसांत एक साखरवाला. साखर वाढली की पायाच्या नसा बधिर होतात, जखम झालेली कळत नाही आणि बुरशीला तर गोडाचं जेवण. अशा माणसानं रोज पाय बघावेत, पुसून कोरडे ठेवावेत, नखं सरळ रेषेत कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. आमचे भाऊकाका मात्र वडाच्या काठीला टोक करून नखाचा कोपरा कोरतात आणि म्हणतात, "दुखत नाय!" दुखत नाही याचीच तर काळजी करायची, असं भाचीनं समजावलं. त्यांनी तिला पेढा दिला आणि एक स्वतः खाल्ला.

हाताच्या नखांचा विषय निघाला की मी जरा गंभीर होतो, म्हणजे पुरुष गंभीर होतात तितपतच. चवथीच्या आधीचे आठ दिवस घरातल्या बायकांचे हात पाण्याबाहेर येत नाहीत. भांडी घासणं, तांदूळ धुणं, वाटणं, नारळ खवणं, पातोळ्यांसाठी हळदीची पानं धुणं, पुन्हा भांडी. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते ती दाराच्या फटीतल्या कापसासारखी असते. पाण्यानं आणि साबणानं ती सुटली की आत वाट होते. मग कडा लाल होते, सुजते, नख वेडंवाकडं येतं. एकदम उठलेलं नखुर्डं दोन दिवसांत पिकतं. हे मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतं. आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे, काम झालं की हात पुसून कोरडे करणं आणि मलम, एवढ्यानं बरंचसं टळतं. पण हातमोजे आणून द्यायला बाजारात जावं लागेल, आणि भांडी कोणी अर्धी वाटून घेतली तर बायकांना सवय लागेल. त्यापेक्षा पाटावर बसून पाचवी पातोळी उचलताना "अन्नपूर्णा आहे हो आमची" म्हणावं. याला खर्च शून्य. माझ्या वहिनीचा उजवा अंगठा गेली तीन वर्षं अन्नपूर्णा आहे.

राहता राहिलं नेलकटर. आमच्या मूळ घरी दाराआड, कॅलेंडरच्या खिळ्याला ते लटकतं. धाकट्या काकांनी कुवेतहून आणलेलं, पात्यावर सिंहाचं चित्र. भाऊकाकांच्या पिवळ्या अंगठ्यापासून तान्ह्या बाळाच्या करंगळीपर्यंत सगळ्यांची नखं त्यानंच कापली जातात. एकत्र कुटुंब म्हणतात ते हेच. भाचीनं चवथीला ते साबणानं धुतलं, वर स्पिरिटनं पुसलं. काकी आरतीपर्यंत तिच्याशी बोलल्या नाहीत.

विसर्जन करून आलो आणि बघतो तर खिळा मोकळा. चौकशी केली. आतेनं जाताना सहज म्हणून नेलं होतं. तिच्याकडून ते तिच्या जावेकडे गेलं, जावेची मुलगी ते सासरी घेऊन गेली, आणि ताज्या बातमीप्रमाणे सध्या ते म्हार्दोळला आहे. पुढच्या आठवड्यात तिथे बारसं आहे.